परगावचा नाताळ : मुंबईतील गोवेकर ख्रिस्ती बांधव व त्यांच्या ‘कुडी’



ज्युबिलीचे वर्ष म्हणजे मागे वळून पाहण्याचे वर्ष. देवळाचा पाया केव्हा घातला गेला, घंटा केव्हा चढली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, ह्या गोष्टींची हकीकत ह्या स्मरणिकेत अन्यत्र आलीच आहे. मला आज आपणांपुढे एका निराळ्याच इतिहासाची दोन पाने उघडावयाची आहेत. पोटासाठी घरदार सोडून महानगरात आलेल्या ख्रिस्ती लोकांनी तेथे आपला नाताळ कसा राखला, कोणाच्या आधाराने राखला, आणि त्यापासून आपल्या धर्मग्रामाने कोणता बोध घ्यावा, हा माझा विषय होय. उदाहरणादाखल मी मुंबईच्या गोवेकर बांधवांची हकीकत घेतली आहे. कारण परक्या शहरात घर उभे करण्याची जी युक्ती त्यांनी काढली, ती आपण सर्वांनी अभ्यासण्याजोगी आहे.

पहिला नाताळ मुळी परगावीच झाला, हे आपण पुष्कळदा विसरतो. नाझरेथचे ते कुटुंब शिरगणतीसाठी बेथलेहेमास आले होते. संत योसेफ दाविदाच्या कुळातला. तेव्हा बेथलेहेम हे त्याच्या पूर्वजांचेच गाव. तरीही संत लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो की, उतारशाळेत त्यांस जागा मिळाली नाही व बाळ येशूला गव्हाणीत निजवावे लागले. गाव पूर्वजांचे, पण टेकावयास जागा नाही! ह्यावरून असे दिसते की, मनुष्याचे घर केवळ वंशाने किंवा गावाच्या नावाने ठरत नाही. जो सरकून जागा देतो, त्याच्यापाशी घर असते. पुढे जे सांगावयाचे आहे ते ह्या एका वाक्याचे विवरण समजावे.

गोव्याहून मुंबईस जाण्याची वाट जुनीच. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यावरील वर्दळ फार वाढली. ता. २६ डिसेंबर १८७८ रोजी, म्हणजे नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी, लिस्बन येथे इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्ये एक तह झाला. त्या तहाने गोव्यातील मिठाचा मक्ता ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारकडे गेला. तह १८९२ साली संपला खरा, परंतु तोवर मिठागरांवर जगणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचा धंदा बुडाला होता. ह्याच तहाच्या पोटी मार्मागोव्याची आगगाडी जन्मास आली व १८८८ साली ती घाट चढून कॅसलरॉकपर्यंत धावू लागली. एका हाताने ज्या कराराने भाकर हिरावून घेतली, त्यानेच दुसऱ्या हाताने परदेशी जाण्याचे तिकीट पुढे केले. समुद्रमार्गही होताच. मुंबईची आगबोट रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीस जाई. पावसाळ्यात मात्र ती बंद राही.

मुंबईस आलेल्या ह्या मंडळींत आगबोटीवरील खलाशी होते, साहेबांच्या घरचे बबर्जी होते. शिंपी, पाववाले, वाजंत्री व कारकून होते. मुले सांभाळणाऱ्या आयाही होत्या. पगार थोडा व जागेचे भाडे मोठे. अशा वेळी एकेका गावच्या लोकांनी वर्गणी काढून धोबीतलाव, कावेल, डाबूल, माजगाव ह्या भागांत खोल्या घेतल्या. कोकणीत खोलीला ‘कूड’ म्हणतात. तेच नाव ह्या संस्थांस पडले. अमक्या गावची कूड म्हणजे त्या गावच्या मनुष्याचे मुंबईतील हक्काचे छप्पर. भिंतीशी ज्याची त्याची पेटी, रात्री जमिनीवर ज्याची त्याची चटई, आणि महिन्याकाठी अल्पशी वर्गणी, एवढाच तेथील संसार. जहाजावर गेलेल्या खलाशाची पेटी मागे सांभाळली जाई. नोकरी सुटलेल्या मनुष्यास नवी नोकरी मिळेपर्यंत तेथे पाठ टेकता येई. धोबीतलावच्या जेर महालाच्या इमारतींत अशा कित्येक कुडी होत्या, आणि त्यांतील काहींनी एकविसावे शतकही पाहिले.

ह्या कुडींचा प्राण होती ती वेदी. प्रत्येक कुडीत गावच्या आश्रयदात्या संताची प्रतिमा असे व तिच्यासमोर रोज सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणावी असा नियम असे. विनाकारण गैरहजर राहणारास दंड होई. मद्य व जुगार ह्यांस मनाई असे. गावच्या देवळाचा सण आला म्हणजे येथेही लदाइन गाइली जाई व मागाहून उकडलेले चणे वाटले जात. चटया व पेट्या इतरत्रही मिळाल्या असत्या. पण एकत्र प्रार्थनेवाचून ती जागा धर्मशाळाच राहिली असती. प्रार्थनेमुळे तिचे घर झाले.

आता नाताळाकडे येऊ. डिसेंबरात समुद्र शांत असतो व आगबोटी चालू असतात. त्यामुळे ज्यास रजा व भाडे दोन्ही मिळत, तो गावी जाई. आगगाडीने जाणारास पुणे, मिरज, लोंढा असा लांबचा फेरा घ्यावा लागे व सरहद्दीवर दोन्ही सरकारांच्या जकातीच्या चौक्यांपुढे पेटी उघडावी लागे. परंतु पुष्कळांस हेही सुख नसे. विचार करा: साहेबाच्या बंगल्यावर नाताळाची मेजवानी म्हणजे बबर्ज्यास वर्षातील सर्वांत कामाचा दिवस. क्लबात नाच, म्हणजे वाजंत्र्यास पहाटेपर्यंत उसंत नाही. खलाशी तर नाताळाच्या रात्री भर समुद्रात असावयाचा. दुसऱ्यांच्या नाताळाची शोभा वाढविणारे हे लोक स्वतःच्या नाताळाला मात्र घरापासून दूर असत. त्यांच्या कुटुंबाचा नाताळ दोन ठिकाणी वाटलेला: बायको व लेकरे गावच्या देवळात, आणि कर्ता पुरुष कुडीतल्या गोठ्यापुढे.

ज्यांनी बायकामुले मुंबईस आणली, त्यांचा सण चाळीच्या एका खोलीत होई. नाताळाची पूर्वसंध्या हा त्या काळी उपवासाचा दिवस होता. शिवाय ज्यास कम्युनियन घ्यावयाचे त्यास मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य होता. हा कडक नियम १९५३ साली पोप बारावे पायस ह्यांनी शिथिल केला. तेव्हा एकीकडे नेवऱ्या, दोदोल, कुलकुल ह्यांचा घमघमाट सुटलेला व दुसरीकडे मुलांस चाखण्याची बंदी, असा तो दिवस. बांबूच्या कामट्या व रंगीत कागद ह्यांचे नक्षत्र गॅलरीत टांगले जाई. तेवढ्याने अरुंद चाळीत आपला वाडा उतरल्यासारखे होई. शेजारी हिंदू, पारशी वा मुसलमान असला तरी फराळाचे ताट त्याच्या दारी जाई, आणि दिवाळीत वा ईदेस तेच ताट भरून परत येई.

मध्यरात्रीच्या मिस्सास कोणत्या देवळात जावे, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नव्हता. त्या वेळी मुंबईत दोन धर्माधिकार चालत असत: एक पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील पाद्रोआदोचा व दुसरा रोमच्या प्रोपागांडाचा. एकाच गल्लीत दोन कॅथलिक कुटुंबे दोन निरनिराळ्या बिशपांची प्रजा असू शकत. गोवेकर बहुतेक पाद्रोआदोच्या देवळांशी बांधलेला. ह्या दुहीने मुंबईत फार कटुता माजविली. १९२८ सालच्या कराराने ती दुहेरी सत्ता संपली. शांतीच्या राजाच्या जन्मोत्सवास त्याचीच लेकरे विभागलेली असावीत, ही गोष्ट आपल्या इतिहासात लपविण्याजोगी नाही. ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परगावच्या ह्या नाताळांतील कसोटीचे दोन प्रसंग सांगतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. त्या वर्षाचा नाताळ आला तेव्हा शहर रिकामे होऊ लागले होते. ज्यास गाव होते तो गावाची वाट धरीत होता. जे मागे राहिले त्यांनी चौकाचौकांत क्रूस उभारून त्यांभोवती प्रार्थना केल्या. गिरगाव व माजगावच्या जुन्या वाड्यांतून प्लेगच्या दिवसांचे ते क्रूस अजून उभे आहेत. महानगरात मनुष्य किती एकटा असतो हे साथीच्या दिवसांत कळते, आणि सोबतीची किंमतही तेव्हाच कळते.

दुसरा प्रसंग १९५५ पासूनचा. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला व अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली व आगगाडीचे दळणवळण तुटले. एका रात्रीच्या प्रवासाचे घर एकाएकी परदेशाहून दूर झाले. गावी म्हातारी आई आजारी आहे असे कळूनही मनास येईल तेव्हा निघावे, अशी सोय उरली नाही. १९५५ ते १९६० असे सहा नाताळ ह्या ताटातुटीत गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेने शरणागती पत्करली, आणि अवघ्या सहा दिवसांनी नाताळ आला. ज्या मुंबईकर गोवेकरांनी त्या रात्री ग्लोरियात, डाबूलास किंवा कावेलास मिस्सा ऐकला, त्यांच्या मनात घराची वाट पुन्हा उघडणार ही आशा असेल. आणि तेथील आप्त सुखरूप असतील ना, ही चिंताही असेल. त्या सर्व वर्षांत मुंबईच्या धर्मपीठावर आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस होते. गोवेकर आईबापांच्या पोटी १९०० साली कराचीस जन्मलेले हे गृहस्थ १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल झाले. परगावी जन्मलेल्या लेकराने परगावच्या कळपाची राखण केली, असे म्हणावयास हरकत नाही.

कुडींची स्तुती करताना त्यांचे उणे झाकणे योग्य नव्हे. त्या बहुतांशी पुरुषांच्याच होत्या. स्त्रियांना तसा आसरा क्वचितच मिळे. एका गावच्या कुडीत दुसऱ्या गावच्या मनुष्याचा हक्क नसे. आणि काही ठिकाणी एकाच गावच्या दोन जातींनी दोन कुडी केल्या, हे सांगताना खेद होतो. एकच बाप्तिस्मा घेतलेले लोक मुंबईस आले, तरी गावचा भेद पेटीत घालूनच आले. म्हणजे, जागा देण्याचा गुण त्यांच्यापाशी होता, परंतु त्याला गावाची व जातीची वेस होती. ती वेस ओलांडणे हे धर्मग्रामाचे काम आहे. ‘कॅथलिक’ ह्या शब्दाचा अर्थच ‘सार्वत्रिक’ असा आहे.

१९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून मुंबई-गोवा हे अंतर रात्रीच्या झोपेएवढे उरले. कुडी ओस पडत चालल्या. तथापि परगावचा नाताळ संपलेला नाही. त्याची माणसे मात्र बदलली आहेत. आज आपल्याच धर्मग्रामात भाड्याच्या खोल्यांतून कोणकोण राहतात ते पाहा: कारखान्यात दोन पाळ्या करणारा तरुण, दवाखान्यात रात्रपाळी करणारी परप्रांतीय परिचारिका, बांधकामावर आलेले झारखंडचे वा छत्तीसगडचे कुटुंब. रविवारी मागच्या बाकावर बसून ही मंडळी मिस्सा ऐकतात आणि आशीर्वाद होताच निघून जातात. त्यांची नावे आपल्या वहीत नाहीत, आणि त्यांच्या मागे कोणत्याही गावाची कूड नाही.

म्हणून ज्युबिलीनिमित्त माझी सर्वांस एक विनंती आहे. यंदा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपूर्वी प्रत्येक वाडीच्या मंडळींनी आपल्या आसपास परगावचे कोण राहते ह्याची चौकशी करावी, आणि त्या प्रत्येकास नाताळाच्या दिवशी कोणत्या घरी जेवण आहे हे आधीच ठरवावे. रात्रपाळी असेल तर ताट राखून ठेवावे. आपली भाषा त्यास येत नसेल तर त्याच्या भाषेतील एखादे नाताळगीत गोठ्यापुढे गावयास सांगावे. देणगी नको, समिती नको; एक पाट अधिक मांडावयाचा एवढेच.

देऊळ बांधणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी दगड वाहिले. आपल्या पिढीस दगड वाहावयाचे नाहीत. जागा द्यावयाची आहे. बेथलेहेमात ज्यास ती मिळाली नाही, तो प्रभू अद्याप परगावच्या मनुष्याच्या रूपाने आपल्या दारी येत असतो. ह्या ज्युबिली वर्षी आपल्या धर्मग्रामात कोणाही कुटुंबास, कोणाही एकट्या जिवास, नाताळ परका न वाटो, हीच बालयेशूच्या चरणी प्रार्थना.