जालन्यातील अंकुशकृमी : न दिसणाऱ्या रक्तस्रावाचा इतिहास

चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले असून माती खाण्याने होणाऱ्या पांडुरोगाचे, म्हणजे अंग फिके पडण्याच्या व्याधीचे, स्वतंत्र वर्णन आहे. मात्र जंत आणि फिकेपणा यांना जोडणारा दुवा आतड्यातील रक्तस्राव आहे, हे एकोणिसाव्या शतकातच स्पष्ट झाले. इटलीच्या अँजेलो दुबिनी यांनी १८४३ साली वर्णिलेला अंकुशकृमी लहान आतड्याच्या अस्तराला दातांनी चिकटून रक्त पितो, जागा बदलतो आणि मागे सोडलेली जखम झिरपत राहते, त्यामुळे एका कृमीपायी रोज ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त जाऊ शकते. हे रक्त शौचात सहसा डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच शेतात राबणाऱ्या बाईचा थकवा पिढ्यान्‌पिढ्या केवळ कष्टाचा मानला गेला, ही या इतिहासाची सर्वांत वेदनादायक बाजू होय. अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरतात, हे पुढे आर्थर लूस यांनी दाखवले. जालन्याच्या उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या भारी काळ्या जमिनीत त्या फार तग धरत नाहीत, तरी पावसाळ्यात शौचाच्या ओल्या, सावलीच्या जागा त्यांना पुरतात. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या आणि १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेल्या या भागातील शाळा-अंगणवाड्यांत आता राष्ट्रीय जंतनाशक दिनी ॲल्बेंडाझोलची गोळी दिली जाते.