औषधांची उशिरा उमटणारी ॲलर्जी : एका संकल्पनेचा इतिहास

औषध घेताच त्रास झाला तर संशय लगेच औषधावर जातो. परंतु गोळी सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप आला, अंगावर पुरळ उठले, तर दोष उन्हाळ्याला, खाण्याला किंवा मूळ आजाराला दिला जातो आणि गोळी चालूच राहते. या विलंबाचा उलगडा वैद्यकशास्त्राला कसा होत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून तयार केलेले सीरम टोचले जाई. अनेक मुलांना त्यानंतर साधारण आठ ते बारा दिवसांनी ताप, पुरळ व सांधेसूज येई. व्हिएन्नाचे डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि डॉ. बेला शिक यांनी १९०५ साली या विकारावर ग्रंथ लिहिला. दुसऱ्यांदा सीरम टोचल्यास त्रास लवकर होतो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजेच मधल्या दिवसांत शरीर स्वतःच बदलत होते. १९०६ मध्ये पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द रूढ केला. त्याच्या ग्रीक घटकांत ‘वेगळी क्रिया’ हा अर्थ आहे. मराठीतील ‘वावडे’ किंवा उर्दूतील ‘हस्सासियत’ या शब्दांतून न सोसणे, संवेदनशील असणे एवढेच कळते. आधीच्या संपर्काने झालेला बदल त्यांत येत नाही.

सीरमच्या या विकारामागे रक्तातील प्रतिपिंडे होती. त्यामुळे सर्वच ॲलर्जी प्रतिपिंडांमुळे होत असावी, असा समज बळावला. त्याला छेद दिला तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील प्रयोगांनी. कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी १९४२ मध्ये असे दाखवले की, साध्या रसायनाची त्वचेवर उशिरा उमटणारी ॲलर्जी एका गिनीपिगकडून दुसऱ्याकडे सीरममधून जात नाही. ती पेशींमधून जाते. या पेशी म्हणजेच पुढे ओळखल्या गेलेल्या टी-पेशी होत. १९६३ मध्ये जेल आणि कूम्ब्स यांनी अशा प्रतिक्रियांचे चार प्रकार पाडले व पेशींमुळे होणाऱ्या उशिराच्या प्रतिक्रियेला चौथे स्थान दिले.

औषधाचा रेणू बहुधा फार लहान असतो. तो शरीरातील प्रथिनाला चिकटला की प्रतिकार यंत्रणेला ते प्रथिन परके भासू शकते. मग त्याला ओळखणाऱ्या मोजक्या टी-पेशी वाढू लागतात. त्यांची संख्या पुरेशी होण्यास दिवस, कधी आठवडे लागतात. विलंबाचे कारण हेच होय.

काहींना हा धोका जन्मतःच अधिक असतो. तैवानमधील संशोधकांनी २००४ मध्ये फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन या औषधाने त्वचा सोलून निघण्याचा गंभीर विकार झालेले ४४ रुग्ण तपासले. सर्वांमध्ये ‘एचएलए-बी १५०२’ हा जनुकप्रकार आढळला. पुढे २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध देण्यापूर्वी या जनुकाची तपासणी सुचवली.

या इतिहासाचे सार असे की, उशिरा झालेला त्रास औषधाला निर्दोष ठरवत नाही. म्हणून नवे औषध सुरू केल्याची तारीख लिहून ठेवावी. पुरळासोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, त्वचेवर फोड दिसल्यास विनाविलंब डॉक्टर गाठावा आणि मागील काही आठवड्यांतील प्रत्येक औषध त्यांना सांगावे. आपल्या विद्यार्थ्यांना व त्यांच्यामार्फत घराघरांत एवढे जरी पोहोचले, तरी एखादा जीव वाचू शकेल.