वस्तुपाठ आणि वस्तू

'वस्तुपाठ' हा शब्द आपण आज फार सैलपणाने वापरतो. कोणी प्रामाणिकपणाचा वस्तुपाठ घालून देतो, कोणी काटकसरीचा. ह्या वस्तुपाठात वस्तू कोठेच नसते. परंतु हा शब्द आपल्या प्राथमिक शाळांत आला तेव्हा त्याचा अर्थ अक्षरशः तोच होता. मास्तरांनी मेजावर एखादी वस्तू ठेवायची, मुलांनी ती उचलून, चाचपून, हुंगून पाहायची आणि मगच तिच्याविषयी बोलायचे. कल्पना मूळची स्वित्झर्लंडमधील पेस्तालोझी (१७४६–१८२७) ह्या शिक्षकाची. पुढे शब्द राहिला आणि वस्तू गेली. ती परत वर्गात आणण्यासाठी कोणी काय खटपट केली, हा आजचा आमचा विषय. तो माजरीकरांपुढे मांडण्यास खास कारण आहे. ते ओघाने येईलच.

वस्तू गेली ती बहुधा कपाटात. आमच्या शाळेत एक काचेचे कपाट होते. त्यात अभ्रकाचा तुकडा, एक कवटी, बाटलीत घातलेला साप आणि काही शिंपले होते. कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या कोटाच्या खिशात असे आणि वर्षातून एकदा, साहेब तपासणीला येत तेव्हा, ती बाहेर निघे. सात वर्षांत आम्ही तो साप काचेतूनच पाहिला. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, हे पुस्तकात वाचून पाठ केले. हेडमास्तरांना दोष देण्यात अर्थ नाही. वस्तू फुटली तर दुसरी कोठून आणायची, हा त्यांचा प्रश्न खराच होता.

ह्या प्रश्नाला पहिले चांगले उत्तर दिले ते संग्रहालयांनी. १८८४ साली इंग्लंडातील लिव्हरपूलच्या संग्रहालयाने पक्षी, खनिजे, शिंपले अशा नमुन्यांच्या पेट्या तयार करून त्या शाळांत फिरवण्यास आरंभ केला. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९०४ साली मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. ते उठल्यावर मागे राहिलेल्या वस्तूंतून दुसऱ्याच वर्षी शाळांसाठी एक संग्रहालय उभे राहिले आणि घोडागाडीतून त्या वस्तू शाळाशाळांना पोचू लागल्या. १९११ साली शिकागोच्या फील्ड संग्रहालयाला ह्याच कामासाठी एका धनिकाने अडीच लाख डॉलर दिले. तेथे शाळेला दोन पेट्या मिळत, आणि ठरावीक दिवसांनी गाडी येऊन जुन्या नेई व नव्या ठेवी. मात्र त्या पेट्यांनाही पुढून काच होती. म्हणजे वस्तू गावोगाव हिंडली, पण हाताला लागली नाही. ती खऱ्या अर्थाने हातात देण्याची रीत त्यानंतर बरीच उशिरा रुजली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला सारा विदर्भ अजबबंगला म्हणतो, ते १८६३ सालचे. त्याच वर्षी सप्टेंबरात स्टीफन हिस्लॉप हे पाद्री बुडून मरण पावले. टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात सापडले. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले होते. धर्मप्रचार आणि शाळा चालवणे हा त्यांचा व्यवसाय, दगड गोळा करणे हा नाद. सहकारी हंटर ह्यांच्यासह त्यांनी नागपूरच्या आसपासचा प्रदेश पालथा घातला. नागपूरच्या दक्षिणेस साठेक मैलांवर असलेल्या मांगली येथील एका दगडात बेडकाच्या दूरच्या नात्यातील एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. लंडनमध्ये रिचर्ड ओवेन ह्यांनी १८५५ साली तिचे वर्णन करून 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' असे नाव ठेवले. वरोऱ्याच्या उत्तरेस पिसदुरा नावाचे खेडे आहे. तेथे राक्षसी सरड्यांची हाडे मिळाली. १८७९ मध्ये लायडेकर ह्यांनी त्यांतील शेपटीच्या मणक्यांना 'टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी' हे नाव दिले.

येथे थोडे थांबले पाहिजे. संग्रहालयाने शाळेत यावे असे आपण म्हणतो तेव्हा ते जणू काही परोपकारासाठी दुरून येणार आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. मांगलीची कवटी लंडनला गेली, इतर कित्येक वस्तू कलकत्त्यास गेल्या. ह्या मोठ्या संग्रहालयांची काही कपाटे आपल्याच शेतांनी भरलेली आहेत. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातील एखाद्या वर्गात त्यांतील एखाद्या नमुन्याची प्रतिकृती येऊन पोचली, तर ते माहेरी येणेच म्हणायचे. नेणाऱ्यांवर आम्ही रागावत नाही. त्यांनी ती नेली म्हणून तिचे नाव तरी आपल्याला कळले.

पिसदुऱ्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तेथे हाडांबरोबर दगड झालेल्या विष्ठेचे गोळेही पुष्कळ सापडतात. शास्त्रज्ञ त्यांना विष्ठाश्म म्हणतात. मॅटले ह्यांनी १९३९ साली त्यांच्यावर निबंध लिहिला होता. पुढे २००५ मध्ये लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांचे सहकारी ह्यांनी हे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले. डायनोसॉरांच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच, अशी तोवरची समजूत होती. ती ह्या गोळ्यांनी मोडली. २०११ साली त्याच गोळ्यांतून भाताच्या कुळातील गवताचाही पुरावा पुढे आला.

आता हा पाठ पाचवीच्या वर्गात कसा द्यावा? फळ्यावर 'सिलिका' असे लिहून मुळीच देऊ नये. भाताचे एक पाते आणावे आणि मुलांना त्याच्या कडेवरून बोट हलकेच फिरवायला सांगावे. निंदणाला गेलेल्या बायकांचे हात ज्याने चिरतात ते हेच. ही धार बऱ्याच अंशी त्या सिलिकेची. मग भाताचा कोंडा जाळून त्याची राख दाखवावी. तिच्यात सिलिकाच जास्त. आणि शेवटी पिसदुऱ्याचा गोळा, किंवा त्याचा प्लॅस्टरचा ठसा, हातोहात फिरवावा. मुले आधी नाक मुरडतील, मग हसतील. हसू द्यावे. ज्या वस्तूला वर्ग हसला ती वस्तू वर्ग विसरत नाही. झाडीपट्टीतील मुलाच्या हातावरचा चरा आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या जनावराचे जेवण ह्यांचे नाते तोंडाने सांगून पटत नाही, त्याला पाते आणि गोळा दोन्ही लागतात.

माजरीचे खास कारण ते आता सांगतो. आपण कोळशावर राहतो. आपल्या घरांतील पुरुष ज्या थरात काम करतात तो सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींतील वनस्पतींचा थर आहे. वरोऱ्याची जुनी खाण १९०६ साली बंद पडली, पण तो थर दक्षिणेकडे चालूच राहिला. अशा थरांशी निगडित असलेल्या खडकात जिभेच्या आकाराची पाने उमटलेली आढळतात. त्या वनस्पतीला ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. ग्रीक भाषेत 'ग्लॉसा' म्हणजे जीभ. हेच पान आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतही मिळते. ह्या खडकांना मेडलिकॉट ह्यांनी १८७२ मध्ये आपल्या गोंड राजांच्या मुलखावरून 'गोंडवाना' हे नाव दिले आणि पुढे सुएस ह्यांनी एका अखंड पुरातन भूमीलाच तेच नाव लावले. जगभराच्या भूगोलाच्या पुस्तकांत चांद्याच्या रहिवाशांचे नाव आहे, हे चांद्याच्या मुलांना आम्ही सहसा सांगत नाही. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती उपाशी, थंडीने गारठून मेले, पण त्यांच्या घसरगाडीवर पस्तीस पौंड दगड तसेच होते. त्यांत हेच पान निघाले.

शेगडीत कोळसा रोज जळतो. त्यातील पान मात्र किती मुलांनी पाहिले असेल, हे प्रत्येकाने आपल्या घरी विचारावे.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आपल्याच रेल्वेमार्गावरील वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण हा विचार तेथे पुढे आला. १९६५ साली कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने प्रयोगवस्तूंनी भरलेली मोटार शाळांकडे पाठवली. १९७२ पासून होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांनी साध्या साहित्याच्या पेट्या घेऊन मुलांनाच प्रयोग करू दिले. ते काम जिल्हाभर वाढले आणि २००२ मध्ये सरकारने ते बंद केले. नागपुरात १९९२ साली रामन विज्ञान केंद्र उघडले. २०१५ पासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचीही एक मोटार फिरते.

मोटार पाहून आम्हांस आनंद होतो, पण पुरता नाही. एका ठिकाणी आम्ही पाहिले. मोटार दहाला आली, मुलांची रांग लागली, प्रत्येकाला दोन-चार मिनिटे मिळाली, बटणे दाबली गेली आणि चारला मोटार धूळ उडवीत गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात पूर्वीचेच पुस्तक. मोटार मोठी असते, पण ती जाते. पेटी लहान असते आणि राहते. तिच्यासोबत एक दिवस कोणी शिकवणारा आला, त्याने मास्तरांना ती हाताळून दाखवली आणि फुटले तर हरकत नाही असे सांगून तो गेला, तर काम पुढे चालते. होशंगाबादेत हीच अवघड बाजू सांभाळली होती: पेटीआधी शिक्षकांची तयारी.

अशी पेटी माजरीत कशी भरेल, ह्याचा आम्ही थोडा हिशेब केला आहे. खाणीत भूवैज्ञानिक असतात आणि त्यांच्याकडे भोके पाडून काढलेले दगडाचे गोल दांडके असतात. कोळसा, शेल, वाळूचा खडक असे तीन तुकडे रीतसर परवानगीने मिळावेत. मुलांना ढिगाऱ्यांवर मात्र पाठवू नये, तेथे जिवाला धोका आहे. जंगलातून ऐनाचे पाच पंखांचे फळ आणि बिब्याचे नव्हे, बिजाचे चपटे गोल फळ आणावे. दोन्ही स्टुलावर उभे राहून सोडावीत आणि कोणते किती लांब जाते ते मुलांनी दोरीने मोजावे. भाताचे पाते, कोंड्याची राख, एक भिंग. पानाचा ठसा नागपूरहून मागवावा. सुताराकडून सागाची पेटी करून घ्यावी, आणि तिला कुलूप बसवू नये.