वैद्यकीय शिक्षणाचे पहिले दिवस : बंगळुरूतील ‘फाउंडेशन कोर्स’मध्ये काय शिकवले जाते?

बंगळुरू : ‘नीट’ परीक्षा, समुपदेशनाच्या फेऱ्या आणि प्रवेशशुल्काची जुळवाजुळव पूर्ण करून एमबीबीएसच्या वर्गात पोहोचलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून शरीररचनाशास्त्राचे जाड ग्रंथ हाती घ्यावे लागत नाहीत. त्याआधी त्याला एक पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. महाविद्यालयांमध्ये तो ‘फाउंडेशन कोर्स’ या नावानेच ओळखला जातो. स्वागत समारंभ आणि परिचय यांपुरताच हा काळ मर्यादित आहे, असा अनेक पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात रुग्ण, मृतदेह आणि सहाध्यायी यांच्याशी कसे वागावे, याची पहिली शिकवण याच काळात मिळते. महाराष्ट्रातून बंगळुरूला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यात कन्नड भाषेची भर पडते.

अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी

तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या तुकडीपासून क्षमताधारित वैद्यकीय शिक्षण लागू केले आणि त्याचा भाग म्हणून देशभरातील महाविद्यालयांत हा पायाभूत अभ्यासक्रम बंधनकारक झाला. २५ सप्टेंबर २०२० रोजी परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. आयोगाने ही रचना कायम ठेवली.

मूळ आराखडा एक महिन्याचा, १७५ तासांचा होता. त्यापैकी ओळख-सत्रांसाठी ३० तास, प्राथमिक कौशल्यांसाठी ३५, आरोग्य केंद्राच्या भेटीसाठी ८, व्यावसायिक विकास आणि नीतिमूल्यांसाठी ४०, क्रीडा व अन्य उपक्रमांसाठी २२, तर भाषा आणि संगणक कौशल्यांसाठी ४० तास राखून ठेवण्यात आले. महासाथीच्या काळात प्रवेश लांबले, तेव्हा सुरुवातीचा सलग भाग आखूड करून उर्वरित तासिका पुढील महिन्यांत विभागण्याचा मार्ग स्वीकारला गेला. त्यामुळे प्रत्येक महाविद्यालयाचे वेळापत्रक सारखे नसते. विषयांची चौकट मात्र साधारण तीच राहते.

विद्यापीठाच्या परीक्षेत या अभ्यासक्रमाचा पेपर नसतो. तथापि २०१९च्या नियमांनुसार त्यासाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक ठरवण्यात आली आणि ती अधिष्ठात्यांनी प्रमाणित करणे अपेक्षित आहे. पालक आणि विद्यार्थी यांची एकत्रित बैठक घेण्याची जबाबदारीही महाविद्यालयावर टाकण्यात आली आहे.

पहिला दिवस : कागदपत्रे आणि नियम

बंगळुरूतील सर्वांत जुने शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे १९५५ मध्ये स्थापन झालेले बंगळूर मेडिकल कॉलेज अँड रिसर्च इन्स्टिट्यूट. १९०० मध्ये सुरू झालेले व्हिक्टोरिया रुग्णालय त्याच्याशी संलग्न आहे. सेंट जॉन्स, एम. एस. रामय्या, केंपेगौडा इन्स्टिट्यूट ही शहरातील अन्य परिचित नावे. कर्नाटकातील आरोग्यविज्ञान महाविद्यालयांच्या संलग्नतेसाठी १९९६ मध्ये राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय शहरातील जयनगर भागात आहे.

मूळ गुणपत्रिका, ‘नीट’चे गुणपत्रक, जागावाटपाचे पत्र, शाळा सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र यांची पडताळणी सुरुवातीलाच होते. अन्य राज्यांच्या मंडळांतून बारावी झालेल्यांना विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते. महाराष्ट्र मंडळाच्या विद्यार्थ्यांनी ही बाब प्रवेशाच्या वेळीच महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घेणे हिताचे ठरते.

ओळख-सत्रांत अभ्यासक्रमाची रूपरेषा समजावली जाते. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता, पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे प्रमुख विषय, अशी ही मांडणी आहे. पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी कमाल चार संधी मिळतात आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत संपूर्ण शिक्षण पुरे करावे लागते. वर्गात कायम पहिला येणारा विद्यार्थी येथे त्याच्यासारख्याच शंभर-दीडशे जणांमध्ये बसतो. ही मर्यादा त्याला प्रारंभीच माहीत असणे म्हणूनच महत्त्वाचे.

रुग्णाची भाषा

व्हिक्टोरियासारख्या शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात कन्नडबरोबर तेलुगू, तमीळ आणि दखनी उर्दू कानी पडते. दखनी मराठी विद्यार्थ्याला थोडी जवळची वाटते. परंतु ग्रामीण भागातून आलेल्या रुग्णाशी बोलण्यासाठी कन्नडला पर्याय नसतो. त्यामुळे स्थानिक भाषेच्या तासिका हा येथील परप्रांतीय विद्यार्थ्यांसाठी सर्वांत उपयुक्त भाग ठरतो.

काही शब्द मराठी माणसाला आयतेच उमगतात. ज्वर, रक्त, औषधि हे शब्द कन्नडमध्येही त्याच अर्थाने वापरले जातात. ‘अज्जि’ म्हणजे आजी. काही शब्द मात्र फसवे आहेत. ‘तले’ म्हणजे डोके. त्याचा मराठी तळ्याशी संबंध नाही. ‘कालु’ म्हणजे पाय, ‘नाळे’ म्हणजे उद्या. ‘होट्टे’ म्हणजे पोट, ‘केम्मु’ म्हणजे खोकला, ‘उसिरु’ म्हणजे श्वास. ‘एल्लि नोवु इदे?’ म्हणजे ‘कुठे दुखते?’ आणि ‘एष्टु दिनदिंद?’ म्हणजे ‘किती दिवसांपासून?’ ही दोन वाक्ये आली, तरी रुग्णाशी संवादाचा आरंभ होतो. वयाने मोठ्या रुग्णाला ‘बा’ असे एकेरी न बोलावता ‘बन्नि’ असे आदराने म्हणावे लागते. मराठीतील ‘ये’ आणि ‘या’ यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

भाषेचा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. दुखणे कधी सुरू झाले, हे चुकीचे समजले तर निदानाची दिशा चुकू शकते. दुभाष्याची मदत घेता येते. परंतु अनेक तक्रारी, विशेषतः स्त्रियांच्या, तिसऱ्या माणसासमोर सांगितल्या जात नाहीत.

हात धुण्यापासून प्रथमोपचारापर्यंत

कौशल्यांच्या सत्रांत हात शास्त्रोक्त पद्धतीने धुणे, हातमोजे वापरणे, सुईची जखम टाळणे आणि हृदयक्रिया बंद पडलेल्या व्यक्तीला प्राथमिक साहाय्य देणे शिकवले जाते. प्रौढ व्यक्तीच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाबाची खोली पाच ते सहा सेंटिमीटर, आणि ३० दाबांनंतर दोन श्वास, हा क्रम पुतळ्यावर करून घेतला जातो.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार रंगांची विभागणीही पाठ करावी लागते. शारीरिक अवशेष आणि रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया आणि पाती पांढऱ्या अभेद्य डब्यात, तर काच निळ्या खोक्यात टाकली जाते. चुकीच्या पिशवीत गेलेली एक सुई सफाई कर्मचाऱ्याला हेपॅटायटिस बीसारखा आजार देऊ शकते. विद्यार्थ्यांचे या आजाराविरुद्धचे लसीकरण झाले आहे का, याची विचारणाही याच काळात होते.

मूक गुरू

बहुतांश विद्यार्थ्यांना सर्वाधिक धास्ती शवविच्छेदन कक्षाची असते. अनेक महाविद्यालयांत तेथे प्रवेश देण्यापूर्वी मृतदेहाचा आदर राखण्याची शपथ दिली जाते. मृतदेह हा विद्यार्थ्याचा पहिला, मूक गुरू मानला जातो. छायाचित्रे काढणे, थट्टा करणे, अवशेष बेपर्वाईने हाताळणे निषिद्ध आहे. महाविद्यालयांना मृतदेह उपलब्ध होण्याची कायदेशीर चौकट महाराष्ट्रात १९४९च्या, तर कर्नाटकात १९५७च्या शरीररचना अधिनियमाने घातली. त्याखेरीज मरणोत्तर देहदान करणाऱ्या नागरिकांचा वाटा मोठा आहे. टेबलावरील देह कोणत्या तरी कुटुंबाने स्वेच्छेने सोपवलेला असू शकतो, ही जाणीव विद्यार्थ्याला करून दिली जाते. भोवळ येणे किंवा मळमळणे यात लाजण्यासारखे काही नाही. तसे वाटल्यास शिक्षकांना सांगून बाहेर यावे.

पांढरा कोट प्रदान करण्याचा समारंभ अलीकडे रूढ झाला आहे. त्याचा प्रसार न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९९३ मध्ये झालेल्या सोहळ्यापासून झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२ मध्ये अभ्यासक्रमाच्या आरंभी महर्षी चरक शपथ घेण्याची शिफारस केली. त्यावर देशभर चर्चा झाल्यानंतर ही शपथ ऐच्छिक असल्याचे स्पष्ट करण्यात आले.

रॅगिंग : कायदा काय सांगतो

प्रत्येक विद्यार्थी आणि पालकाला रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने कठोर विनियम लागू केले. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१चे स्वतंत्र विनियम आहेत.

मारहाण किंवा अपमान एवढाच रॅगिंगचा अर्थ नाही. वरिष्ठाची जर्नल लिहून देण्यास नवागताला भाग पाडणे हेही अनुदान आयोगाच्या व्याख्येत बसते. ‘ही तर परंपराच आहे’ असे सांगून अशी कामे लादली जातात, तेव्हा हा तपशील उपयोगी पडतो. निलंबनापासून महाविद्यालयातून काढून टाकण्यापर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

मनाचे आरोग्य

घरापासून दूर, अनोळखी भाषेच्या शहरात पहिले आठवडे एकटेपणाचे जाऊ शकतात. पायाभूत अभ्यासक्रमात ताणाचे व्यवस्थापन, वेळेचे नियोजन आणि मार्गदर्शक शिक्षकाची नेमणूक यांचा समावेश त्यासाठीच आहे. क्रीडा आणि कलांचे तासही विरंगुळ्यापुरते नाहीत. त्यांतून जुळलेली मैत्री पुढे आधार देते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. बंगळुरूतील निमहान्स ही तिची प्रमुख समन्वयक संस्था आहे. ही मदत घेतल्याने शैक्षणिक नोंदीवर कोणताही शेरा येत नाही.

पालकांसाठी

शुल्काची पावती आणि वसतिगृहाची खोली यांबरोबरच मार्गदर्शक शिक्षकांचे नाव, रॅगिंगविरोधी समितीचा संपर्क आणि कन्नडच्या तासिकांचे वेळापत्रक पालकांनी पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे. गुण नसल्यामुळे हे दिवस वाया जातात, असे समजून विद्यार्थ्याला उशिरा पाठवणे किंवा मधेच घरी बोलावणे टाळावे. शरीररचनाशास्त्राचा बुडालेला धडा ग्रंथातून भरून काढता येतो. रुग्णाची भाषा, मृतदेहाचा आदर आणि सुईची योग्य जागा या गोष्टी माणसांत राहून, हाताने करूनच अंगवळणी पडतात.