कारंजा (लाड)

कारंजा (लाड) : वाशीम जिल्ह्याच्या ईशान्य भागातील तालुक्याचे ठिकाण व वऱ्हाडातील जुनी बाजारपेठ. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी ते अकोला जिल्ह्यात होते. दत्तसंप्रदायाचे तीर्थक्षेत्र, जैन भट्टारकांची पीठे, कापसाचा बाजार आणि ‘शकुंतला’ ही नॅरोगेज रेल्वे यांमुळे गाव प्रसिद्ध आहे.  कारंज्यात रूळ आले ते शतकानुशतके नांदत्या पेठेत.

जुने गाव तटबंदीचे होते. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या त्याच्या चार वेशी. वेशीतून निघणारी वाट जिकडे जाते, त्याच गावाचे नाव वेशीला मिळालेले असल्याने पेठेचा व्यापार कोणत्या दिशांना चाले, हे या नावांवरूनच कळते. गावाच्या श्रीमंतीची कीर्ती दूरवर होती. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यावर चाल करून मोठी लूट मिळवली. ‘कस्तुरीची हवेली’ ही आख्यायिकाही त्याच वैभवाची आहे. गिऱ्हाईक न मिळाल्याने परत निघालेल्या व्यापाऱ्याची सगळी कस्तुरी येथील लेकुरशेट या जैन सावकाराने विकत घेतली आणि हवेलीच्या बांधकामासाठी कालवलेल्या गाऱ्यात ओतली, असे सांगतात.

दत्तसंप्रदायात श्रीपाद श्रीवल्लभांनंतरचे दत्तावतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती (चौदावे-पंधरावे शतक) यांचा जन्म कारंज्याचा. सरस्वती गंगाधर यांच्या ‘गुरुचरित्रा’त त्यांच्या बालपणाची कथा येते. औदुंबर, नृसिंहवाडी आणि गाणगापूर ही त्यांची पुढील कार्यक्षेत्रे होत. टेंबे स्वामी म्हणजेच वासुदेवानंद सरस्वती यांनी या जन्मस्थानाकडे लक्ष वेधल्याचे संप्रदायात मानले जाते. विसाव्या शतकात येथे गुरुमंदिर उभे राहिले आणि भाविकांचा ओघ वाढला.

दिगंबर जैन परंपरेतील सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही शाखांची भट्टारकपीठे कारंज्यात होती व तिन्हींची स्वतंत्र मंदिरे आहेत. या मंदिरांच्या शास्त्रभांडारांत हस्तलिखिते पिढ्यानपिढ्या जपली गेली. त्यांची नोंद रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखित-सूचीत आहे. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेत अपभ्रंश भाषेतील मौलिक ग्रंथ छापले गेले. दहाव्या शतकातील कवी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये, तर ‘णायकुमारचरिउ’ हीरालाल जैन यांनी १९३३ मध्ये संपादित केले. मराठीसारख्या आधुनिक भाषांच्या पूर्वरूपांचा अभ्यास करणाऱ्यांना हे ग्रंथ आजही आधारभूत वाटतात. १९१८ मध्ये स्थापन झालेले महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल हेही येथील शिक्षणपरंपरेचे महत्त्वाचे केंद्र आहे.

आर्थिक इतिहासात कारंज्याचे स्थान वेगळे आहे. भारतातील पहिला नियंत्रित कापूसबाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये येथे सुरू झाला. इंग्लंडच्या गिरण्यांना चोख कापूस वाजवी भावात मिळावा, हा त्यामागील हेतू होता. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला आणि तो पुढे इतर प्रांतांना नमुना ठरला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची वंशावळ कारंज्याच्या या बाजारापर्यंत जाऊन पोहोचते.

मुंबई-नागपूर लोहमार्ग मूर्तिजापुरावरून गेल्याने कारंजा बाजूला राहिले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ हा अडीच फूट रुंदीचा ‘शकुंतला’चा मार्ग झाला आणि ही उणीव भरून निघाली. मूर्तिजापूर-यवतमाळ हा त्याचा ११३ किलोमीटरचा फाटा कारंजा व दारव्हा या गावांवरून जातो. जिनिंगमधला कापूस मूर्तिजापूरला आणून मोठ्या गाडीत चढवायचा व मुंबई बंदराकडे धाडायचा, हे या मार्गाचे मुख्य काम होते. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. मध्य रेल्वे गाडी चालवी आणि कंपनीला मोबदला देई. मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते, त्यानंतर डिझेल इंजिन आले. शेवटच्या काळात तिकिटे देणे, सिग्नल पाडणे, डबे जोडणे-सोडणे ही कामे मोजके कर्मचारी हातानेच करीत. स्वस्त भाड्यामुळे शेतमजूर, विद्यार्थी आणि बाजारकरी यांची ही हक्काची गाडी होती.

२०१० नंतरच्या दशकात या मार्गावरील प्रवासी वाहतूक थांबली. मार्ग ब्रॉडगेज करून सुरू करावा, ही परिसरातील जनतेची जुनी मागणी आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा तालुक्यातून जात असल्याने दळणवळणाचा मुख्य भार आता रस्त्यांवर आहे. वेशी, हस्तलिखिते, कापूसबाजार आणि नॅरोगेज रूळ एवढा विविध वारसा एकाच गावात असलेली ठिकाणे विदर्भात थोडी आहेत. या वारशाची एकत्रित नोंद आणि जागोजागी माहितीफलक ही कारंज्याची खरी गरज आहे.