तळटीप : पायोनियर विमेन

१. पायोनियर विमेन : ज्यू श्रमिक चळवळीशी जोडलेली अमेरिकेतील स्त्रियांची राष्ट्रीय स्वयंसेवी संघटना, स्थापना १९२५. 'हिस्ताद्रुत' या पॅलेस्टाइनमधील कामगार महासंघात १९२१ साली कष्टकरी स्त्रियांचे मंडळ उभे राहिले होते. त्याची ही समुद्रापलीकडची पाठराखीण. हिचे बीज एका पत्रात आहे. जेरुसलेममधील रोपवाटिकेत विहिरीसाठी पैसे हवेत, असे तिथल्या कार्यकर्त्या राहेल यानाइत यांनी १९२४ मध्ये कळवले आणि न्यूयॉर्कमधल्या मैत्रिणींनी ते जमवून पाठवले.

मूळ मजकुरातील 'गोल्डा मायर्सन' म्हणजे पुढे इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर. मुलीच्या मूत्रपिंडाच्या आजारावर उपचारांसाठी त्या १९३२ साली अमेरिकेत आल्या आणि १९३४ पर्यंत संघटनेच्या राष्ट्रीय सचिव होत्या.

संघटनेचे आजचे नाव 'नामात'. 'कष्टकरी आणि स्वयंसेवी स्त्रिया' या अर्थाच्या हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांतून ते बनले आहे. चळवळींच्या इतिहासात निधी गोळा करणाऱ्या बायकांचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकला जातो. पण पाळणाघरे आणि मुलींच्या शेतीशाळा त्यांच्याच वर्गणीवर उभ्या राहिल्या, हे वाचकाने प्रस्तुत प्रकरण वाचताना ध्यानात ठेवावे. — संपादक