चिखल, जंतू आणि मेंढीचा खूर

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी मेंढीच्या खुरावर काय बोलावं? पण ‘कारण म्हणजे काय’ हा आमचा जुना प्रश्न. तो या खुरात जितका स्पष्ट दिसतो तितका ग्रंथातही क्वचितच दिसतो. शिवाय आपल्या नांदेड-लातूरकडे, मुखेड-कंधारपासून अहमदपूर-उदगीरपर्यंत, मेंढीवर पोट असलेली घरं आहेत. मेंढी लंगडली की मागे पडते, चरत नाही, वाळते आणि बाजारात निम्म्या भावाने जाते. म्हणून हा प्रश्न नुसता चर्चेचा नाही.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. खुराला काहीही झालं की आपल्याकडे ‘खुरकूत’ म्हणून मोकळे होतात. पण लाळ्या-खुरकूत विषाणूमुळे होतो. लोफ्लर आणि फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९८ साली दाखवलं की त्याचं कारण जंतू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होतं. त्यात ताप येतो, तोंडात फोड येतात आणि गाय, बैल, शेळी, मेंढी सगळ्यांना लागण होते. खूर सडण्याचा रोग, ज्याला पशुवैद्य फूटरॉट म्हणतात, तो वेगळा. तो जिवाणूचा. त्यात तोंड स्वच्छ असतं, पण दोन नख्यांमधली कातडी लाल, ओली होते, मग खुराचं कवच आतल्या मांसापासून सुटत जातं आणि एक विशिष्ट घाण वास येतो. खुरकुताची लस या रोगावर काहीही करत नाही. म्हणजे नाव चुकलं की उपाय चुकला.

आता इतिहास. दख्खनचा असो की युरोपचा, मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला की हा रोग चिखलाने होतो. त्याचं निरीक्षण बिनचूक होतं. पावसात रोग वाढतो, उन्हाळ्यात ओसरतो. पुढे जंतुशास्त्राचा काळ आला. १९०४ साली अमेरिकेत मोहलर आणि वॉशबर्न यांनी सडलेल्या खुरात भरपूर सापडणारा नेक्रोफोरस नावाचा जंतू दोषी ठरवला. पण हा जंतू निरोगी जनावराच्या शेणातही असतो. मग प्रत्येक मेंढी का लंगडत नाही?

उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. डब्ल्यू. आय. बी. बेव्हरिज यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या कामात दुसराच एक जंतू पुढे आणला. हवेत न वाढणारा, दोन्ही टोकांना किंचित फुगीर. त्यांनी त्याला फ्युझिफॉर्मिस नोडोसस म्हटलं. १९९० पासून त्याचं नाव डायकेलोबॅक्टर नोडोसस आहे. हेच बेव्हरिज पुढे संशोधनाच्या कलेवर पुस्तक लिहिणारे. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात ते पुस्तक अनेकांनी वाचलं असेल. १९६९ साली एगर्टन, रॉबर्ट्स आणि पार्सनसन यांनी चित्र पूर्ण केलं. ओलीने कातडी भिजून फुगते, नेक्रोफोरस तिला इजा करतो, मग नोडोसस आत शिरून आपल्या विकरांनी कवच सोडवतो.

मग खरं कारण कोणतं? इथे आपले नैयायिक कामाला येतात. घडा घडताना कुंभाराचं गाढवही तिथं उभं असतं, पण ते घड्याचं कारण नव्हे. त्याला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. चिखल म्हणजे कुंभाराचं गाढव का? नाही. अन्वय-व्यतिरेक लावून पाहू. चिखल आहे आणि नोडोसस नाही, तर किरकोळ सूज येते, कवच सडत नाही. नोडोसस आहे पण जमीन कोरडी, तर रोग एकीकडून दुसरीकडे पसरत नाही. म्हणजे जंतू मुख्य कारण आणि चिखल सहकारी कारण. मेंढपाळ अर्धा बरोबर होता आणि १९०४चे शास्त्रज्ञही अर्धे बरोबर होते.

हा भेद एवढा महत्त्वाचा का? कारण बेव्हरिज यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. हा जंतू मातीत फार टिकत नाही; साधारण आठवडा, फार तर दोन. मग वर्षभर राहतो कुठे? मेंढीच्याच खुरात, कवचाखालच्या कपारीत. वरून बरी दिसणारी मेंढी पुढच्या मृगापर्यंत त्याला सांभाळून नेते. म्हणजे रोगाचं घर रान नव्हे, मेंढी आहे. रान आपण बदलू शकत नाही. कळपात कोणती मेंढी ठेवायची ते मात्र ठरवू शकतो.

ओळख कशी पटवायची? गुडघे टेकून चरणारी मेंढी दिसली की तिला आडवी करून चारही पाय पाहावेत. खात्रीसाठी पशुवैद्य नमुना घेतात. हा जंतू वाढवायला हवेविना पेटी आणि बरेच दिवस लागतात, म्हणून आता पीसीआरने त्याची जनुकं शोधतात. काश्मीरमध्ये आणि आंध्र प्रदेशातही तो असा सापडलेला आहे.

आता आपल्या हवेचा विचार करा. थंड देशांत गारठ्यामुळेही प्रसार थांबतो. मराठवाड्यात ऊब बारा महिने पुरेशी असते, त्यामुळे दार उघडतं ते फक्त ओलीने. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात दार सताड उघडं. पण मार्च ते मे ते जवळजवळ बंद. आपण करतो नेमकं उलटं. पावसात धावपळ, उन्हाळ्यात विसर. वास्तविक शोध घ्यायचा तो उन्हाळ्यातच. प्रत्येक खूर तपासावा, रोगी मेंढी वेगळी काढून पशुवैद्याकडून प्रतिजैविक द्यावं आणि तरीही बरी न होणारी कळपातून काढावी. पावसाळ्यात शंभर लिटर पाण्यात दहा किलो झिंक सल्फेट घालून त्यातून कळप चालवावा, मग कोरड्या जागी उभा करावा. मोरचूद जपून वापरावा, कारण तांबं पोटात गेलं तर मेंढीला बाधतं. रक्त येईपर्यंत खूर तासणं हा जुना इलाजही सोडावा. २०१०च्या सुमारास इंग्लंडमधल्या चाचणीत दिसलं की तासलेल्या मेंढ्या उशिरा बऱ्या होतात. आणि हाळी-हंडरगुळीसारख्या बाजारातून आणलेलं जनावर काही आठवडे वेगळं बांधावं.

लस आहे, पण जंतूचे अनेक गट आहेत आणि एका गटाची लस दुसऱ्याला चालत नाही. नेपाळच्या डोंगरात, जिथे कळप आपल्यासारखेच फिरतात, तिथे आधी गट ओळखून त्याच गटांची लस दिली आणि तीव्र रोग हटवला. काश्मिरात बी गट जास्त आढळतो. म्हणजे इथेही आधी ओळख, मग उपाय.

एक शेवटचं. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली, पुढे ती मुक्तेश्वरला गेली. तेव्हा सगळं लक्ष बुळकांडीवर होतं आणि ते रास्तच होतं, कारण बुळकांडी गोठेच्या गोठे मारत होती. लंगडं करणारा रोग नेहमी मागच्या रांगेत बसतो. पण बुळकांडी जगातून गेल्याचं २०११ साली जाहीर झालं. आता मागच्या रांगेतल्याकडे पाहायला हरकत नसावी. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि मुखेडला मेंढी-शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. ज्ञान शंभर वर्षांत तयार झालं. ते वाड्यापर्यंत, मेंढक्याच्या हातापर्यंत, पुढच्या मृगाआधी पोचावं, एवढंच.